खरखरीचें मूळ

कांहीं महिन्यांपूर्वींची गोष्ट. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माझा भाचा आपली विजेची गिटार घेऊन बसला होता. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्यें त्यानें एक लहानशी धातूची पेटी जोडली होती. पायानें दाबून ती चालू-बंद करावयाची, म्हणून तिला पेडल म्हणतात. तिच्या तोंडावर सात सरकते खटके होते. एखादा वर सारावा, एखादा खालीं ओढावा, आणि स्वरांतील खर्जाचा किंवा टिपेचा भाग आपल्या मनासारखा वाढवावा-उतरवावा, अशी ती योजना. ह्या यंत्राला इक्वलायझर असें नांव आहे. मुलानें पेटी चालू केली मात्र, आणि तारेला बोटहि लागलेलें नसतांना, दूर कोठें पाऊस पडत असावा तशी एकसारखी सळसळ कर्ण्यांतून ऐकूं येऊं लागली.

“मामा, ह्यांतला कोणता तरी भाग खराब आहे. मी सगळेच बदलून टाकतों,” तो म्हणाला. टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापत होतें आणि नव्या भागांची पुडी उघडून ठेवलेली होती. पुढच्या आठवड्यांत त्याला मित्रांसह ध्वनिमुद्रण करावयाचें होतें. पेटी हातची गेली असती तर दुसरी घेण्याइतके पैसे त्याच्यापाशीं नव्हते. मीं त्याला एक रात्र थांबावयास सांगितलें. खरखर घालविण्यापूर्वीं ती कोठून येते हें विचारावें लागतें. आणि हा प्रश्न ज्यांनीं प्रथम विचारला त्यांची हकीकत शंभर वर्षांहून जुनी आहे. त्या रात्रीं आम्ही दोघे जें बोललों, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

इक्वलायझर संगीताच्या घरीं जन्मलेला नाहीं; तो टेलिफोनच्या घरचा. माणसाचा आवाज शेंकडों मैलांच्या तारेवरून धाडला म्हणजे त्यांतील सर्व स्वर सारखे क्षीण होत नाहींत. खालचे स्वर बरेचसे टिकतात, वरचे अधिक झिजतात. आणि पलीकडे पोंचणारें बोलणें तोंडावर उशी धरून बोलल्यासारखें वाटतें. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को हीं शहरें २५ जानेवारी १९१५ रोजीं टेलिफोननें जोडलीं गेलीं. वाटेंत व्हॉल्व्हचे वर्धक बसवून थकलेल्या आवाजाला पुन्हां बळ देण्याची युक्ति तोंपर्यंत साधली होती. पण केवळ बळ देऊन भागत नव्हतें. जे स्वर अधिक झिजले त्यांना अधिक आणि जे कमी झिजले त्यांना कमी बळ देऊन सगळ्यांना पुन्हां एका पातळीवर आणणें अवश्य होतें. ही ‘समानता’ आणणारी मंडलें तीं इक्वलायझर. नांवाचा उगमहि तोच.

ह्या उपायाबरोबर एक अपायहि आला. वर्धकाला बोलणें आणि खरखर यांतील भेद कळत नाहीं. वरचे स्वर उचलावे तर त्याच पट्ट्यांतील सळसळहि तितकीच उचलली जाते. माझ्या भाच्याच्या पेटींतील सळसळीचें अर्धें कारण ह्या एका वाक्यांत आहे. उरलेलें अर्धें कळण्यासाठीं ती सळसळ मुळांत येते कोठून हें पाहिलें पाहिजे.

१९१८ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतांना, जर्मनीतील सीमेन्स कारखान्यांत वॉल्टर शॉट्की नांवाचे शास्त्रज्ञ ह्याच प्रश्नाचा विचार करीत होते. व्हॉल्व्ह कितीहि चांगला बनविला तरी त्यांत अखेर थोडी खरखर उरतेच, हें त्यांनीं ओळखलें. तिचीं दोन कारणें त्यांनीं दाखविलीं. एक असें कीं, वीज पाण्याच्या धारेसारखी अखंड वाहत नाहीं. ती इलेक्ट्रॉन नांवाच्या कणांच्या रूपानें, पत्र्यावर पडणाऱ्या छऱ्यांसारखी, सुटी सुटी येऊन आदळते. दुसरें कारण उष्णता. ज्या पदार्थांत उष्णता आहे त्यांतील कण स्वस्थ बसत नाहींत, आणि त्यांच्या चुळबुळीनें तारेच्या दोन टोंकांमध्यें विजेचा दाब क्षणोक्षणीं किंचित् कमीजास्त होत राहतो.

हें दुसरें कारण प्रयोगानें सिद्ध करण्याचा मान जॉन बर्ट्रंड जॉन्सन यांच्याकडे जातो. ते मूळचे स्वीडनचे. लहान वयांत अमेरिकेस गेले आणि पुढें बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले. विजेच्या वाटेंत अडथळा म्हणून जो भाग घालतात, ज्याला बाजारांत रेझिस्टर म्हणतात, तो रोधक त्यांनीं एका वर्धकाला जोडला आणि नुसती खरखर मोजली. कार्बन घेतला, प्लॅटिनम घेतलें, क्षारांचीं पाण्यांतील द्रावणेंहि घेतलीं. पदार्थ थंड केला, तापविला. निष्पन्न असें झालें कीं, खरखर पदार्थाच्या जातीवर मुळींच अवलंबून नाहीं. ती केवळ त्याचा रोध किती, त्याचें उष्णतामान किती, आणि आपण स्वरांचा केवढा पट्टा ऐकतों, एवढ्यावरच ठरते. त्याच टेलिफोन-व्यवसायांतील हॅरी नायक्विस्ट यांनीं ह्याची सैद्धांतिक उपपत्ति मांडली. तेहि जन्मानें स्वीडिशच. दोघांचे निबंध १९२८ सालीं एकाच नियतकालिकांत लागोपाठ प्रसिद्ध झाले.

ज्यांना शास्त्राची आवड आहे त्यांना येथें आणखी एक जुनी गोष्ट आठवेल. १८२७ सालीं रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाण्यांतले बारीक कण अकारण नाचतांना पाहिले होते, आणि १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं त्या नृत्याचें कारण पाण्याच्या रेणूंची उष्णतेनें होणारी धडपड हें आहे असें दाखविलें. कर्ण्यांतील सळसळ हें त्याच नृत्याचें श्राव्य रूप होय.

आतां ह्या नियमाचें माप घेऊं. दहा हजार ओहमचा रोधक आपल्याकडच्या २७ अंश सेल्सिअस उष्णतामानांत ठेवला आणि कानाला ऐकूं येणारा वीस हजार कंपनांपर्यंतचा सर्व पट्टा धरला, तर त्यांतून आपोआप सुमारें १.८ मायक्रोव्होल्ट इतकी खरखर निघते. म्हणजे व्होल्टच्या दहा लक्षांश भागाच्या दुपटीहून थोडी कमी. रोध शंभरपट केला, म्हणजे दहा लाख ओहम केला, तर खरखर शंभरपट न होतां दहापट होते, म्हणजे १८ मायक्रोव्होल्ट. हा वर्गमुळाचा हिशेब आहे. उष्णतामानालाहि तोच लागू. खरखर निम्मी करावयाची तर उष्णतामान निरपेक्ष शून्यापासून मोजून चौथाईवर आणावें लागेल. म्हणजे उणे १९८ अंशांच्या जवळ, जेथें हवेचेंहि पाणी होतें. घरच्या पेटीला हा उपाय कोण करणार?

सगळीच खरखर मात्र अशी अटळ नसते. १९२५ सालींच जॉन्सन यांना व्हॉल्व्हमध्यें एक निराळी खरखर आढळली होती. ती खालच्या स्वरांकडे जावें तशी वाढत जाते आणि ती पदार्थाच्या जातीवर, त्याच्या घडणीवर अवलंबून असते. कार्बनची पूड दाबून केलेल्या जुन्या पद्धतीच्या रोधकांतून प्रवाह वाहूं लागला म्हणजे ह्या जातीची जादा खरखर त्यांतून निघते. धातूच्या पातळ थराच्या रोधकांत ती फारच थोडी असते. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे “सगळे रोधक बदला” ह्या सल्ल्याची किंमत कळते. जुने दाबीव कार्बनचे रोधक असतील तर बदलल्यानें कांहीं लाभ आहे. पण पेटींत आधींच चांगले थराचे रोधक असतील, तर त्याच मापाचे दुसरे, कितीहि महाग घातले तरी, उष्णतेची खरखर तीच राहणार; कारण ती पदार्थ पाहत नाहीं, रोध पाहते.

आतां ज्या दुसऱ्या शोधावर आजचीं सर्व पेडलें उभीं आहेत, त्याकडे वळूं. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनीं, २ ऑगस्ट रोजीं, हॅरल्ड ब्लॅक हा बेल प्रयोगशाळेंतील तरुण हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटींतून कामावर निघाला होता. वर्धकांमुळें आवाजाला येणारी विकृति कशी टाळावी, हा प्रश्न तो कित्येक वर्षें घोळवीत होता. त्या सकाळीं त्याला एकाएकीं उत्तर सुचलें, आणि हातांतल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यानें तें लिहून काढलें. वर्धकांतून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हां आंत घालावयाचा, हें तें उत्तर. त्यानें वर्धन पुष्कळ कमी होतें, पण विकृतिहि कमी होते. हातची शक्ति सोडून शुद्धता विकत घेण्याचा हा व्यवहार पेटंट कचेरीला इतका विचित्र वाटला कीं, पेटंट मिळावयास १९३७ साल उजाडलें.

त्याच १९३७ सालीं विजेच्या गिटारीचेंहि एक महत्त्वाचें पेटंट जॉर्ज बोशँ यांना मिळालें. लोखंडी तार चुंबकाजवळ कांपते, आणि चुंबकाभोंवतींच्या तारेच्या वेटोळ्यांत त्या कंपनाची वीज उत्पन्न होते, हें त्या गिटारीचें मर्म. परंतु तें वेटोळें गिटारीची तार जशी ऐकतें तशीच घरांतल्या दिव्यांच्या तारांतील ५० कंपनांची घुंइघुंइहि ऐकतें. गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं तोड काढली. त्यांनीं एकमेकांच्या उलट गुंडाळलेलीं दोन वेटोळीं शेजारीं ठेवलीं आणि त्यांचे चुंबकहि एकमेकांच्या उलट बसविले. तारेचा स्वर दोन्ही वेटोळ्यांत सारखा येऊन दुणावतो. बाहेरून आलेली घुंइघुंइ मात्र एकांत सुलटी व दुसऱ्यांत उलटी होऊन परस्पर नष्ट होते. येथें खरखर आणि घुंइघुंइ हा भेद कानानें पक्का ओळखावा. घुंइघुंइ बाहेरची पाहुणी आहे. तिला दार बंद करतां येतें. सळसळ घरांतलीच आहे.

एवढें मोठें टेलिफोनचें यंत्र पायाखालच्या पेटींत मावलें कसें? जुन्या इक्वलायझरांत प्रत्येक स्वरपट्ट्यासाठीं तारेचें एक वेटोळें लागे. एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेऊन १०० कंपनांचा पट्टा साधावयाचा तर सुमारें अडीच हेन्रीचें वेटोळें हवें. तें जड, महाग, आणि वर घुंइघुंइ पकडणारें. १९४८ सालीं फिलिप्स कंपनीचे डच शास्त्रज्ञ बर्नार्ड टेलेगेन यांनीं जायरेटर नांवाची कल्पना मांडली. तिच्यायोगें कंडेन्सरच वेटोळ्याचें सोंग घेऊं शकतो. सोंग वठविण्यासाठीं मात्र एक चांगला वर्धक लागतो. ब्लॅकच्या तत्त्वावर चालणारा तसा वर्धक, ज्याला ऑप-अँप म्हणतात, १९६५ नंतर सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर स्वस्तांत मिळूं लागला. १९६८ सालचा ‘७४१’ तर घरोघर पोंचला. पुढच्या दशकांत इक्वलायझर पेडलें बाजारांत आलीं. १९८१ सालच्या बॉस कंपनीच्या जीई-७ ह्या पेडलाची रचना नमुन्यादाखल पाहावी. त्यांत १०० पासून ६,४०० कंपनांपर्यंत सात पट्टे आहेत. प्रत्येक पुढचा पट्टा आधल्याहून बरोबर एक सप्तक वर. प्रत्येक खटक्यानें स्वर १५ डेसिबल उचलतां किंवा उतरवतां येतो. १५ डेसिबल म्हणजे विजेच्या दाबांत सुमारें साडेपांच पट.

सौदा काय झाला तो पाहा. वेटोळ्याला घुंइघुंइ लागे, पण सळसळ जवळजवळ नव्हती. जायरेटरला घुंइघुंइ लागत नाहीं, पण त्याचे ऑप-अँप आणि रोधक आपआपली सळसळ घेऊन येतात. आणि वरच्या पट्ट्यांचे खटके उचलले कीं, कानाला जेथें ती अधिक बोंचते तेथेंच ती साडेपांच पट होते. अशा पेटीचा पुष्कळांना होणारा त्रास हा भाग बिघडल्याचा नव्हे. तो त्या रचनेचा स्वभाव आहे.

मग सुधारणा व्यर्थ का? तसें नाहीं, मात्र तिचा क्रम ठरलेला असावा. त्यासाठीं एक बेरीज सांगतों. परस्परांशीं संबंध नसलेल्या खरखरी सरळ मिळविल्या जात नाहींत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावें लागतें. एकीचें माप ४ आणि दुसरीचें ३ असेल तर एकूण ७ नव्हे, ५ होते. आतां ३ ची खरखर कष्टानें समूळ घालविली तरी ५ च्या जागीं ४ उरणार. कानाला फरक जेमतेम कळेल. ४ ची घालविली तर ३ उरेल. सर्वांत मोठी कोणती, हें शोधल्याशिवाय हातांत सोल्डरिंग आयर्न घेणें हें अंधारांत काठी फिरविणें होय.

शोध सोपा आहे. गिटारीचा आवाज शून्यावर आणावा. जें थांबलें तें गिटारींतून येत होतें. पेडल बंद करावें. जें तरीहि उरलें तें ध्वनिवर्धकाचें. भिंतीवरच्या विजेऐवजीं बॅटरी लावून पाहावी; जी घुंइघुंइ गेली ती वीज पुरविणाऱ्या अडॅप्टरची. वरचे दोन खटके मध्यावर आणावे. जेवढी सळसळ उतरली तेवढी आपणच उचलली होती. पुष्कळदां असें दिसतें कीं, टिपेचे खटके वर चढविण्याऐवजीं खर्जाचे थोडे उतरवून तोच समतोल साधतो, आणि सळसळ वाढत नाहीं.

एवढें करून जी उरेल ती पेटीची. आतां ऑप-अँप बदलण्यांत अर्थ आहे. आणि ज्यांतून सबंध स्वर जातो तो आधीं. टीएल०७२ ह्या प्रचलित ऑप-अँपची खरखर, कारखान्याच्या नेहमींच्या मापांत, १८ आहे. एनई५५३२ ची ५. पण येथेंहि घाई नको. दुसरा ऑप-अँप आपल्या तोंडाशीं थोडा प्रवाह ओढतो, आणि त्या प्रवाहाचीहि खरखर असते. समोर एक लाख ओहमसारखा मोठा रोध असला तर ती एकटीच सुमारें ७० पर्यंत चढते. पहिल्याची अशी खरखर नगण्य. म्हणून गिटारीच्या थेट तोंडाशीं पहिला बरा, आंतल्या कमी रोधाच्या जागीं दुसरा बरा. शिवाय दुसरा बॅटरी लवकर खातो. चपळ ऑप-अँप कधीं कधीं आपणहून कानाला न ऐकूं येणाऱ्या कंपनांत शिरतो; म्हणून त्याच्या विजेच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर द्यावा. कांहीं पेटींत ऑप-अँपचे पाय दोन ओळींऐवजीं एकाच ओळींत असतात, तें आधीं पाहून घ्यावें. आणि जुना भाग काढतांना पट्टीवरील तांब्याची रेघ जास्त उष्णतेनें उखडली तर पेटी कायमची मुकी होते. सर्व रोधक निम्मे आणि सर्व कंडेन्सर दुप्पट करणें हाहि एक शास्त्रशुद्ध मार्ग आहे. पट्टे जागच्या जागीं राहतात. परंतु वर्गमुळाच्या नियमानें रोधकांची खरखर त्यानें तीन दशांशहूनहि कमी उतरते.

ह्या इतिहासांतील एक धागा आपल्या देशांतून गेलेला आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ ह्या काळांत युनेस्कोचे सल्लागार म्हणून हिंदुस्थानांत, चंडीगडच्या वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेंत होते. टेपवरील सळसळ कमी करण्याची त्यांची कल्पना त्याच काळांत आकारास आली, आणि येथून गेल्यावर १९६५ सालीं त्यांनीं लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्यांचें तत्त्व असें: हळू स्वर टेपवर जाण्यापूर्वींच उचलावे, आणि टेपवरून परत येतांना तितकेच उतरवावे. मधल्या मार्गांत शिरलेली सळसळ स्वराबरोबर उतरते, स्वर मात्र मूळ पातळीवर येतो. पेडलवाल्यानेंहि हें शिकावें. खरखर करणाऱ्या पेटींत स्वर शिरण्यापूर्वींच त्याला बळ द्यावें. पेटींतून क्षीण होऊन बाहेर आल्यावर देऊं नये.

दुसऱ्या दिवशीं भाच्यानें एकेक परीक्षा करून पाहिली. घुंइघुंइ अडॅप्टरची निघाली. बॅटरी लावतांच गेली. सळसळीचा मोठा वांटा त्याच्या दोन उंच चढविलेल्या खटक्यांचा होता. एकच ऑप-अँप त्यानें बदलला, तोहि सॉकेट घालून, म्हणजे जुना परत बसवितां यावा. पुडींतले बाकीचे भाग तसेच राहिले.

रात्रीं त्यानें पुन्हां गिटार जोडली. आम्ही दोघे कर्ण्याजवळ कान नेऊन बसलों. पाऊस अजून पडतच होता, पण आतां तो दुसऱ्या गांवीं गेला होता. “हा एवढा राहणारच का?” त्यानें विचारलें. मीं म्हटलें, “होय. खोलींत ऊब आहे तोंवर राहणार.” त्यानें मान हलविली आणि तार छेडली, आणि मग आम्हांला तो पाऊस ऐकूं आला नाहीं.